रेसिंगसाठी पहिली गाडी: जुनी आरसी ३९० की आर-१५?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेत राहणारा २४ वर्षांचा तरुण, उंची ५ फूट १० इंच, वजन ७८ किलो, रोजची गाडी पल्सर १५०. हौशी रोड रेसिंगमध्ये उतरायचं आहे आणि साडेतीन लाख रुपये साठवले आहेत. एक जुनी केटीएम आरसी ३९० बघून ठेवली आहे. मित्र यामाहा आर-१५ सुचवतात. मामांचं म्हणणं, अजून दोन वर्षं पैसे जमव आणि थेट सहाशे सीसीची चार सिलिंडरची गाडी घे, म्हणजे पुन्हा पुन्हा खर्च नको.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. चांगल्या अवस्थेतली जुनी आर-१५ व्ही३ (तिसरी आवृत्ती) घ्या. गाडीवर सव्वा ते दीड लाखाच्या वर जाऊ नका, बाकीचे पैसे सूट, हेल्मेट, टायर, एंट्री आणि प्रवासासाठी राखून ठेवा. आणि हेसुद्धा भाड्याच्या गाडीवर दोन ट्रॅक डे (स्पर्धा नसताना ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस) केल्यानंतर. आरसी ३९० ही खरोखर चांगली रेस गाडी आहे, पण तुमची दुसरी.

मामांचा 'एकदाच काय ते करा' हा हिशेब घर बांधताना बरोबर ठरतो. रेस गाडी मात्र पडते, आणि पहिल्या वर्षी नक्की पडते. म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न 'किती पळते' हा नाही. पडली तर दुपारच्या सेशनपर्यंत उभी राहील का, आणि तो खर्च तुम्हाला झेपेल का, हा आहे. सहाशे सीसीच्या गाडीचं एक क्लिप-ऑन (हँडलचा एका बाजूचा दांडा) किंवा रेडिएटर लागलं तर आठवडे वाट बघावी लागते, आणि टायरची एक जोडी एखाद-दुसऱ्या रेस वीकेंडलाच संपते. त्याहून मोठा तोटा असा की शंभरावर पीएसच्या (अश्वशक्तीच्या) गाडीवर नवखा माणूस थ्रॉटल पूर्ण उघडायलाच शिकत नाही. त्या गाडीचा विषय इथेच सोडू.

आर-१५ व्ही४ ची ताकद १८.४ पीएस, वजन १४२ किलो. व्ही३ याच्या अगदी जवळ आहे. आरसी ३९० ची ताकद ४३.५ पीएस, वजन १७२ किलो. तुमचे ७८ आणि सूट-हेल्मेट-बूट मिळून ९ किलो धरले, तर वजनाच्या प्रमाणात आरसीची ताकद आर-१५ च्या दुपटीहून जास्त पडते. ऐकायला छान वाटतं, पण शिकण्याच्या दृष्टीने हीच अडचण आहे. आर-१५ वर कोपऱ्यात ५ किलोमीटरचा वेग गमावला, तर तो इंजिन परत मिळवून देत नाही. पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर ती चूक तुमच्याबरोबर राहते आणि लॅप टाइममध्ये दिसते. चुकीच्या जागी ब्रेक सोडला, वळणाच्या मध्यावर गॅस बंद केला, बाहेर पडताना लाइन आखूड केली, सगळं घड्याळात उमटतं. आरसीवर तीच चूक केली तर बाहेर पडताना मूठ पिळून ती झाकता येते. वर्षभर झाकत राहिलं की तीच सवय होते, आणि ती मोडायला पुढची दोन वर्षं जातात.

ब्रेकिंगचंही तसंच. १२० ऐवजी १६० च्या वेगाने वळणाकडे आलात तर वेग एक तृतीयांशाने वाढला असं वाटतं, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती जवळपास पावणेदोनपट होते, म्हणजे अंदाजातल्या चुकीची किंमतही तितकीच वाढते.

आता क्लासबद्दल, कारण गाडी क्लासवरून ठरते, उलट नाही. आपल्याकडे मोटरस्पोर्टचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया करते. स्पर्धेचं लायसन्स तिथूनच घ्यावं लागतं, त्यासाठी वैद्यकीय दाखलाही लागतो. राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगमध्ये हौशी माणसाला जवळचे दोन गट आहेत: १६५ सीसीपर्यंतचा आणि ३०१ ते ४०० सीसीचा. नवख्यांचा स्टॉक गट, म्हणजे जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा, १६५ मध्येच बसतो. २०० आणि २५० सीसीच्या गाड्या इथेच मधल्या मध्ये अडकतात. आरसी २००, पल्सर एनएस २००, जिक्सर एसएफ २५० या रस्त्यावर उत्तम गाड्या आहेत, पण लहान गटात बसत नाहीत आणि मोठ्यात मागे पडतात. गाडीचे पैसे देण्याआधी त्या वर्षीचं नियमपुस्तक स्वतः वाचा. गट, चालणारे बदल, टायर, वयाच्या अटी दरवर्षी बदलू शकतात. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

एक पर्याय फार कमी जण विचारात घेतात: गाडी न घेताच रेस करणं. टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये सुरू झाला. अशा मालिकांत आयोजकच सगळ्यांना सारख्या गाड्या देतात, तुम्ही निवड चाचणी देऊन आणि फी भरून उतरता. गाडीची देखभाल, वाहतूक, स्क्रुटिनीची (रेसआधीच्या तांत्रिक तपासणीची) काळजी दुसऱ्याकडे जाते. तुमच्यासारख्या ७८ किलोच्या माणसासाठी जीटी कपमध्ये आणखी एक गोष्ट जमेची आहे. आर-१५ वर ५८ किलोचा मुलगा आणि तुम्ही यांत एकूण वजनाचा फरक २०९ विरुद्ध २२९, म्हणजे साडेनऊ टक्के पडतो. १८ पीएसच्या गाडीवर तेवढा फरक जवळजवळ पावणेदोन पीएस गमावण्यासारखा आहे. ६४८ सीसीच्या जड गाडीवर तेच २० किलो एकूण वजनाचा लहान हिस्सा होतात. अडचण एवढीच की निवड होईलच याची खात्री नसते, आणि सराव करायला घरी गाडी नसते. दोन्हीसाठी अर्ज करून ठेवावा, पण गाडीचं नियोजन त्यावर अवलंबून ठेवू नये.

वजनाचं बोललो तर पुरतं बोलू. १६५ च्या गटात सरळ पट्ट्यावर लहान चणीची मुलं तुम्हाला ओलांडतील. पहिल्या वर्षी क्रमांक बघू नका, स्वतःच्या लॅप टाइममधली घट आणि सलग लॅपमधला फरक बघा. दहा लॅप एकमेकांपासून एका सेकंदाच्या आत आल्या की तुम्ही तयार होत आहात.

व्ही३ च का, तर व्ही२ मध्ये स्लिपर क्लच नाही, म्हणजे झटपट गिअर उतरवताना मागच्या चाकाला बसणारा झटका शोषणारा क्लच. ती १४९.८ सीसी आणि १७ पीएसची आहे, स्वस्त मिळते, पण पाचव्यातून दुसऱ्यात झटपट उतरताना मागचं चाक उड्या मारतं आणि नवख्याचं सगळं लक्ष तिथेच जातं. व्ही३ मध्ये १५५ सीसीचं व्हीव्हीए (आरपीएमनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं) इंजिन आणि असिस्ट-स्लिपर क्लच आहे. व्ही४ मध्ये उलटे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअब्सॉर्बर) आहेत, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर टाकायची सोय) काही प्रकारांत येतो, पुढचा भाग जास्त अचूक वाटतो. पण पडल्यावर तेच फोर्क महागात जातात, आणि हेडलाइट, मीटर, फेअरिंग यांसाठी मोजलेले जास्तीचे पैसे तुम्ही रेससाठी काढूनच ठेवणार आहात. पैसे हातात असतील तर व्ही४ वाईट नाही. मर्यादित पैशात व्ही३ आणि दोन जोड्या टायर हेच बरोबर.

तुमच्या उंचीचा प्रश्न गाडी घेण्याआधी दहा मिनिटांत सुटतो. गाडी पॅडॉक स्टँडवर उभी करा, एकाला धरायला सांगा आणि रेसमधल्यासारखे पूर्ण वाका, हनुवटी टाकीवर. कोपर आणि गुडघा एकमेकांना अडतात का बघा. मग डावीकडे एक कुल्ला सीटबाहेर काढून उजवी मांडी टाकीला लॉक करा आणि दोन्ही हात हँडलवरून उचलून बघा. पडत असाल तर शरीराचा भार हातांवर आहे. उपाय म्हणजे रिअरसेट (पाय ठेवायचे पेग) २० ते ३० मिमी मागे-वर नेणं आणि सीटच्या मागच्या बाजूला १५-२० मिमीचा दाट फोम चिकटवणं. ५ फूट १० ला एवढं पुरतं. सहा फुटांच्या पुढे मात्र मी आर-१५ सुचवणार नाही.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा चमक बघू नका. आधी हँडल दोन्ही टोकांना फिरवा आणि टाकीखाली टॉर्च मारून फ्रेमवरचे स्टॉपर बघा, म्हणजे हँडल जिथे जाऊन थांबतं ते छोटे धातूचे उंचवटे. त्यांचा रंग उडून धातू दबला असेल किंवा एक बाजू वाकडी असेल तर गाडी जोरात आपटली आहे. स्टीअरिंगच्या मानेजवळ, जिथे डेल्टाबॉक्स (यामाहाची फ्रेम) जोडली आहे, तिथे रंगात केसासारख्या भेगा असतील तर तिथूनच परत या.

मग सरळपणा. दोन मीटरचे दोन ॲल्युमिनियम चॅनल घ्या. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टायरला पुढे-मागे दोन्ही ठिकाणी टेकतील असे लावा आणि पुढच्या चाकापर्यंत जाऊ द्या. मागचा टायर १४० चा, पुढचा १०० चा, त्यामुळे पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस-वीस मिमी जागा राहायला हवी. मिलिमीटर नेमके जुळले नाहीत तरी चालेल, दोन्हीकडची जागा सारखी हवी. एका बाजूला २६ आणि दुसऱ्या बाजूला १४ दिसले, तर आधी मागच्या ॲक्सलच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत का बघा. त्या सारख्या असतील तर चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) किंवा फ्रेम वाकली आहे. चिमटा बदलता येतो, वाकलेली फ्रेम घेऊ नका.

फोर्कची नळी वाकली आहे का हे गाडीवर असताना नीट कळत नाही. ती काढून जाड काचेच्या तुकड्यावर लोळवा. काचवाल्याकडे फूट-दीड फूट लांबीचा १२ मिमीचा तुकडा मिळतो. नळी आणि काच यांच्यात ०.१ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) एखाद्या जागी शिरला आणि नळी अर्धी फिरवल्यावर शिरला नाही, तर नळी वाकलेली आहे. सौदा ठरण्याआधी विकणारा नळी काढू देणार नाही, म्हणून तो खर्च भावातून वजा करूनच बोला.

इंजिनबाबत एक गोष्ट विशेष. आर-१५ चा सिलिंडर डायसिल (ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूच्या) प्रकारचा आहे, साध्या लोखंडी लायनरसारखा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायची रीत इथे नाही. 'बोअर-किट टाकलीय, मस्त पळते' असं कुणी सांगितलं तर ती गाडी स्टॉक गटासाठी बाद समजा. मूळ बोअर ५८.० मिमी, स्ट्रोक ५८.७ मिमी. रेसनंतर पुढच्या क्रमांकांच्या गाड्या उघडून मोजल्या जाऊ शकतात, आणि तिथे 'मला माहीत नव्हतं' याला अर्थ नसतो. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सायलेन्सरमधून निळसर धूर, रेडिएटरच्या टाकीत तेलकट तवंग, क्लच कव्हरवर वेल्डिंग यांपैकी एक जरी दिसलं तरी भाव पाडायच्या भानगडीत न पडता दुसरी गाडी बघा. पुण्या-नाशिककडून गाडी आणणार असाल तर आरटीओची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद आधी हातात घ्या.

गाडी आली की सगळ्यांचे हात सायलेन्सर आणि एअर फिल्टरकडे जातात. ते राहू द्या. रेससाठी गाडी तयार करणं म्हणजे आधी ती ट्रॅकवर काहीही सांडणार नाही आणि तिच्यातून काहीही सुटणार नाही याची खात्री करणं. तुमच्या गाडीतून गळलेलं अर्धी वाटी तेल मागच्या सहा जणांना आडवं करू शकतं.

आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, नंबर प्लेट, स्टँड काढा. साइड स्टँड काढताना त्याला सेन्सर असेल तर तो नीट बायपास करा, नाहीतर गाडी गिअरमध्ये टाकताच बंद पडेल. कूलंट पूर्ण काढून रेडिएटर धुवा आणि डिस्टिल्ड वॉटर भरा, हवं तर ग्लायकॉल नसलेलं ॲडिटिव्ह घाला. ग्लायकॉल डांबरावर सांडलं की निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून ट्रॅकवर ते चालत नाही. पण रेस संपवून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पुन्हा कूलंट भरा, नुसत्या पाण्याने वॉटर पंप आणि रेडिएटर आतून गंजतात.

सेफ्टी वायर हे काम बरेच जण घाईत उरकतात आणि स्क्रुटिनीत परत पाठवले जातात. ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टर कव्हरचे बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, एवढं तरी वायरने बांधलेलं हवं. बोल्टच्या डोक्याच्या दोन लगतच्या कडांमधून १.५ मिमीचं भोक पाडा. सपाट पृष्ठावर ड्रिल घसरतं, म्हणून आधी सेंटर पंचने खूण करा, कोबाल्टचं ड्रिल वापरा, वेग कमी ठेवा आणि दर थोड्या वेळाने तेलाचा थेंब सोडा. सियागंजातून ड्रिल बिट आणताना एक नको, चार आणा, कारण पहिले दोन मोडतात. स्टेनलेसची ०.८ मिमीची वायर भोकातून काढा, दोन्ही पदर एकमेकांवर पिळत न्या, सेंटिमीटरला तीन-चार पीळ, आणि जवळच्या पक्क्या जागेला बांधा. महत्त्वाचं हे की वायरची ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने असावी. उलट बांधली तर वायर आहे पण उपयोग नाही, आणि तपासणारा माणूस तेच आधी बघतो. टोक वळवून आत दाबा, नाहीतर चाक बदलताना हात फाटतो.

इंजिनचा ब्रीदर पाइप (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) एका उष्णता सहन करणाऱ्या बाटलीत सोडा आणि ती बाटली पक्की बांधा. खालची फेअरिंग अशी हवी की इंजिन फुटलं तर तेल तिच्यातच साठेल. चेनजवळ मागच्या सॉकेटच्या (स्प्रॉकेट, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या) खालच्या बाजूला शार्क फिन (संरक्षक पट्टी) बसवा, पडलेल्या माणसाची बोटं चेन आणि सॉकेटमध्ये जाऊ नयेत म्हणून. ब्रेक लिव्हरला गार्ड लावा. ब्रेक ऑइल डॉट ४ नवं भरा आणि लाइन स्टीलच्या जाळीची लावा, नियमात चालत असेल तर. यात कंजुषी नको.

गिअरिंगवर थोडा जास्त वेळ देतो, कारण कमी पैशात सगळ्यात मोठा फरक इथे मिळतो. आर-१५ व्ही३ ला पुढे १४ आणि मागे ४८ दात्यांचं सॉकेट येतं, म्हणजे ३.४३ चं प्रमाण. पुढचं १३ केलं तर ते ३.६९ होतं, एका फटक्यात साडेसात टक्क्यांहून जास्त फरक. मागचं ४९ केलं तर फक्त दोन टक्के. म्हणजे पुढचा एक दाता मागच्या जवळपास चार दात्यांइतका. बारीक जुळवणी मागच्या सॉकेटनेच करायची. शिवाय पुढचं सॉकेट लहान केलं की चेन जास्त तीव्र वळते आणि चिमट्यावरची रबराची पट्टी लवकर झिजते.

मागे चार दाते वाढवले आणि चेन तीच ठेवली, तर चाक सुमारे १२-१३ मिमी पुढे ओढावं लागतं. व्हीलबेस तेवढा कमी होतो, गाडी चपळ होते पण ब्रेकिंगला मागून हलकी वाटते. कसोटी एकच: ट्रॅकच्या सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या जागेच्या जरा आधी, सहाव्या गिअरमध्ये इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमला पोहोचायला हवं, आर-१५ ला हे दहा हजारांच्या आसपास. त्याआधीच लिमिटर (इंजिनचा आरपीएम रोखणारी मर्यादा) लागला तर मागचा एक दाता कमी करा. कधी पोहोचतच नसेल तर वाढवा. १४/४८ वर जिथे ताशी १३० मिळतात, तिथे ४९ लावल्यावर त्याच आरपीएमला १२७ मिळतील, एवढा हिशेब वहीत ठेवा.

ट्रॅकप्रमाणे हे बदलतं. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आणि आखूड पट्ट्यांचा आहे, तिथे दाते वाढवावे लागतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपी झाली, पाच किलोमीटरांच्या वर आहे आणि त्याचा मागचा सरळ पट्टा किलोमीटरभराचा. तिथे लहान गाडीवर पहिला ट्रॅक डे करू नका, शिकायला वळणं कमी आणि वाट बघणंच जास्त होतं.

चेनचा ढिलेपणा तुम्ही गाडीवर बसलेले असताना मोजा. चिमटा, पुढचं सॉकेट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, त्या स्थितीतही तिला बोटाने थोडं हलता आलं पाहिजे. स्टँडवर घट्ट दिसणारी चेन खड्ड्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

सस्पेंशनचं मोजमाप करायला दोन माणसं आणि एक टेप लागतो. पुढचं चाक उचलून फोर्कची पूर्ण पसरलेली लांबी मोजा, मग पूर्ण सूट घालून गाडीवर बसा, दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. फरक ३० ते ३५ मिमी यावा, मागे त्याहून जरा कमी. ७८ किलोला मूळ स्प्रिंगवर तो बहुधा याहून जास्त येईल. फोर्कला बाहेरून ॲडजस्टमेंट नसेल तर लेथवाल्याकडून पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमचा लांब स्पेसर बनवून घ्या, ५-५ मिमीने वाढवत जा आणि तेल एक पायरी जाड घाला. फोर्क टीमध्ये (दोन्ही फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) ५ मिमी वर सरकवली की गाडी पटकन वळते, दहा केली तर सरळ पट्ट्यावर हँडल हलू लागतं. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

टायरच्या बाबतीत नियमात जो ब्रँड असेल तोच घ्यावा लागेल, म्हणून निवडीची चर्चा नको, हवेची करू. चांगल्या अवस्थेतल्या टायरवर थंड असताना पुढे-मागे २८ पीएसआयपासून सुरुवात करा. हवा भरायची ती ट्रॅकवर, स्वतःच्या गेजने. तापमान दहा अंशांनी वाढलं की दीड पीएसआयच्या आसपास हवा वाढते. इंदूरला थंडीत सकाळी १५ अंशांना भरलेले २८ हे चेन्नईच्या ३५ अंशांत चाक न फिरवताच ३१ च्या जवळ जातात. सेशन संपवून आलात की लगेच मोजा: ३ ते ५ पीएसआय वाढ ठीक, त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती आणि टायर जास्त चुरला गेला.

सराव कुठे करायचा, हा इंदूरच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो. पीथमपूरचा नॅट्रॅक्स जवळ आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला त्याचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक नावाजलेला आहे. पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी, कंपन्यांना बुकिंगवर मिळणारा आहे. रेस शिकायला तो नाही. सुपर कॉरिडॉर, बायपास आणि भेरूघाट हे सरावाचे मार्ग अजिबात नाहीत. तिथे पडलात तर समोरून ट्रक येतो, आणि तुमच्याबरोबर एखादं कुटुंब मरतं. शिवाय लाइट-आरसे काढलेली गाडी रस्त्यावर नेणं बेकायदा आहे. बंद मैदानाची लेखी परवानगी मिळाली तर पल्सरवरच ४० किलोमीटरच्या वेगाने आठ आकडा आणि नेमक्या खुणेला थांबण्याचा सराव करा. डोळे आणि मांडी योग्य ठिकाणी जायला हे पुरतं. बाकी वेग ट्रॅकवरच.

गाडी दक्षिणेत न्यायला दोन मार्ग. चौघे मिळून पिकअप करा, किंवा रेल्वे पार्सल. अहिल्यानगरी एक्सप्रेस इंदूरहून नागपूर, कोइम्बतूर मार्गे केरळात जाते, पण आठवड्यातून एकदाच, म्हणून रेसच्या आठवडाभर आधी पाठवायची तयारी ठेवा. पार्सलला टाकी पूर्ण रिकामी लागते, नोंदणी प्रमाणपत्राची (गाडीच्या आरसी बुकाची) प्रत लागते. लिव्हर, फूटपेग आणि फेअरिंग काढून स्वतःबरोबर न्या, बाहेर आलेला प्रत्येक भाग चढवता-उतरवताना वाकतो. बरोबर न्यायच्या सामानात दोन्ही लिव्हर दोन-दोन, एक क्लिप-ऑन, गिअर लिव्हर, फूटपेग, थ्रॉटल केबल, क्लच केबल, ब्रेक पॅड, वायर आणि दोन सॉकेट. आर-१५ साठी हे सगळं छोट्या ग्वालटोलीत किंवा शोरूममध्ये एका दिवसात जमतं, गाडी निवडीचं हेही एक कारण.

हेल्मेट ईसीई (युरोपीय सुरक्षा मानक) किंवा त्याच्या बरोबरीच्या प्रमाणपत्राचं, डबल डी रिंगचं, म्हणजे पट्टा दोन कड्यांतून ओवून बांधायचं. सूट एक-अखंड चामड्याचा, आत बॅक प्रोटेक्टर. सूट जुना चालेल, शिवण उसवलेली नसेल तर. हेल्मेट जुनं कधीच नको, आधी आपटलंय का हे बाहेरून दिसत नाही.

ट्रॅकवरचं पहिलं सेशन सात-आठ लॅपचं, सत्तर टक्के जोराने. आत आल्यावर हेल्मेट काढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा: दोन्ही ॲक्सल नट, कॅलिपर, वायरचे पीळ, चेन, टायरच्या कडा. मग ब्रीदरची बाटली बघा. चमचाभर तेल असेल तर ठीक. पाव बाटली भरली असेल तर एकतर तेल जास्त भरलंय किंवा रिंग गेल्या आहेत. आधी गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी बघा. पातळी बरोबर असेल तर त्या दिवशी ती गाडी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नका.